तापाच्या सालातलं गाऱ्हाणं

आमच्या वाडीत अजूनही कुणी शिंकलं की शेजारच्या घरातलं बोलणं थांबतं. फार वेळ नाही, शिंकणारा माणूस नाक पुसून पुढचं बोलायला लागेपर्यंत. मग तिथली भांडी पुन्हा वाजू लागतात, बाया पुन्हा हसू लागतात. तपकीर ओढणाऱ्या आमच्या तात्यांनी तर या बाबतीत वाडीला पार सतावून सोडलं आहे. "तात्यानू, शिंकूच्या आदी सांगत तरी जावा," असं बायका त्यांना तोंडावर म्हणतात, आणि तात्या मुद्दाम आणखी एक चिमूट ओढतात.

यंदा श्रावण सरत आला आहे. परड्यात काकडीचे वेल मांडवावरून खाली लोंबतायत, चिबडाचा वास पडवीपर्यंत येतो आहे, गणपतीचा पाट मूर्ती करायला मूर्तिकाराच्या शाळेत पोचला आहे. अशा वेळी मसुऱ्याच्या बाजारातून आमच्या ह्यांनी बातमी आणली, की मुंबईत पुन्हा तापाची साथ आली आहे म्हणतात. सासूबाईंनी बातमी ऐकून घेतली आणि मला माळ्यावरच्या गोधड्या उन्हात टाकायला सांगितल्या. श्रावणातलं ऊन ते केवढं! पण मी टाकल्या. त्या पलटता पलटता मला ते सत्तावन्न साल आठवत राहिलं.

त्या साली मी या घरात नवी होते. आषाढातला पाऊस धरून बसला होता आणि लावणी अर्ध्यावर आली होती. आमच्याकडे लावणी एकट्याने होत नाही. आज तुमच्या मळ्यात सगळे, उद्या आमच्या मळ्यात सगळे. इरली डोक्यावर घेतलेल्या बायांची रांग वाकलेली असते, तोंडं चालू असतात, आणि एखादीच्या सासूबद्दल बोलायचं असलं तर ती सासू दोन हातांवर असली तरी पावसाच्या आवाजात ऐकू जात नाही. ती रांग एका आठवड्यात मोडली. आज दोघी आल्या नाहीत, उद्या पाच. ज्याच्या त्याच्या घरात कुणीतरी कांबळं पांघरून कुडकुडत होतं.

शाळामास्तर फ्लू म्हणायचे. लोक म्हणायचे 'मुंबयचो ताप'. नाव पडायला वेळ लागत नाही, ते पुसायला लागतो.

ताप आला आणि बऱ्याच जणांचा गेलाही. चार-सहा दिवस अंग मोडून निघालं, आठवडाभर पायांत गोळे राहिले, तोंडाची चव गेली आणि परत आली. पण तो प्रत्येकाला वेगळी भीती देऊन गेला. पोरांना शाळा बंद झाल्याचा आनंद झाला. त्यांनी 'ताप ताप' नावाचा खेळच काढला. एकाने ताप व्हायचं, तो ज्याला शिवेल त्याने जमिनीवर पडून कण्हायचं. मोठी माणसं बघून हसायची. मग एका संध्याकाळी शेजारची सहा वर्षांची मुलगी खेळात पडली ती उठेचना. तिला काही झालं नव्हतं. पण कुणी येऊन आपल्याला उचलतं का, हे तिला बघायचं होतं. तिची आई धावत आली तेव्हा पोर तिच्या गळ्याला अशी बिलगली की त्यानंतर कितीतरी दिवस तिने आईचा पदर सोडला नाही.

सुकी मासळी घेऊन येणारी रकमा बांधावरूनच हाक मारायची. दगडावर पानात बांगडे ठेवायची आणि आम्ही उचलेपर्यंत लांब उभी राहायची. मासळी त्या दिवसांत उलट जास्तच खपत होती, कारण पेजेबरोबर तेवढंच तोंडाला बरं लागायचं. तरी रकमा दिवसेंदिवस उतरत चालली. एकदा मी म्हटलं, "बरा नाय काय गो तुका?" तर म्हणाली, "माका काय जाला नाय. बांगडे खपतत, पण बोलूक कोण गावना नाय." एवढं बोलून ती तिथेच रडायला लागली, आणि मला तिच्या जवळही जाता येईना.

माझं मात्र वेगळंच चाललं होतं. नव्या सुनेला नवऱ्याशी दिवसाढवळ्या बोलायची मुभा कुठली! पण माणसं आजारी पडली आणि मळ्यात आम्ही दोघंच उरलो. हे तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायचे, मी लावायची. पावसात भिजत आम्ही काय काय बोललो! ह्यांना लहानपणी विहिरीची भीती वाटायची, हे मला तिथे कळलं. सगळीकडे कण्हणं चालू असताना मी सुखात होते. माणसाच्या मनाला साथीतसुद्धा अंकुर फुटतात, त्याला कोण काय करणार!

म्हाताऱ्यांची भीती मात्र या तापाची नव्हतीच. ती जुन्या तापाची होती. आमच्या सासूबाई लहान असताना अठरा सालची मानमोडीची साथ आली होती. त्या सालाबद्दल त्या कधी बोलत नसत. पण मुंबईत ताप आल्याचं कळल्यापासून त्यांनी घरातली चूल विझू दिली नाही, पाणी उकळत ठेवलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर पडवीतून नजर ठेवायला सुरुवात केली.

त्यांचा मोठा मुलगा, म्हणजे माझे भावोजी, मुंबईत गिरणीत होते. जाऊबाई त्यांच्याबरोबर चाळीत. मे महिन्यात चाकरमानी बोटीने मालवणला उतरले की त्यांचा थाट काय वर्णावा! बिस्किटांचे डबे, पोरांना टोप्या, घरोघरी चहाचं आमंत्रण. तोच चाकरमानी आषाढात आला तर दारं लागत होती. बोटी बंद, म्हणून भावोजी कोल्हापूरवरून घाट उतरून आले. कसालला बस बदलली, पुढे पावसात चालले, आणि दुपारी अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे लाल होते.

सासूबाई पडवीतून उतरल्या. अंगणाच्या मधोमध आल्या आणि हात वर करून म्हणाल्या, "बाबा, थंयच ऱ्हव. ताप आसा काय तुका?"

"आसा गो. भुतूर येवक दी, मगे सांगतंय."

"भुतूर नको. मांगरात जा. मी पाणी तापवन हाडतंय."

मांगर म्हणजे परड्यातली गवताची आणि नांगर-जुवाची खोपी. भावोजी तिकडे वळले. मी पडवीत उभी होते, मला ते बघवलं नाही. आई अशी कशी वागू शकते, असं मनात आलं. पण मग मी बघितलं, की सासूबाईंनी मांगरात कोरडं गवत पसरलं, वर घरातली चांगली गोधडी घातली, पेज नेली, काढा नेला, आणि स्वतः डोक्यावर इरलं घेऊन मांगराच्या दारात पाठ करून बसल्या. पाऊस पडत होता. त्या आतल्या माणसाला सांगत होत्या, की तांबू गाय आता म्हातारी झाली, लाथ मारते पण नेम चुकतो. "तुमच्या चाळीत गायी आसत काय रे?" आतून खोकल्यात मिसळलेलं हसू आलं. रोज दुपारी त्या अशाच बसायच्या.

एकदा पेजेचं भांडं त्यांच्या हातात देताना मी विचारलंच, घरात का घेतलं नाही म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "मानमोडीत माज्या आयेन माज्या भावाक कुशीत घेतल्यान नि तशीच निजली. दोगांय गेली. मी भायल्या खोलयेत होतंय, म्हणान उरलंय." त्यानंतर मी त्यांना कधी काही विचारलं नाही.

भावोजी बरे झाले. घरात आले, आंघोळ केली, मामंजींच्या शेजारी बसून जेवले. आणि मग मामंजींना ताप आला. त्यांना मुळातच दमा होता. माणसं नाहीत म्हणून ते म्हातारपणी वरच्या मळ्यात जोताला उभे राहिले होते, भिजले होते. शेजारपाजारची तीन-चार माणसं भावोजी यायच्या आधीच तापाने पडली होती. ताप कुठून आला, कसा आला, ते कोण सांगणार? श्रावण लागायच्या आत मामंजी गेले. सगळे विधी भावोजींनीच केले. कामावर परत जायचं होतं, पण चतुर्थी जवळ आली म्हणून ते थांबले.

त्या वर्षी गणपती आला. गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला रानातली कवंडळं, तेरडा, सगळं बांधलं, पण हौसेने कुणी काही केलं नाही. आरती झाल्यावर गाऱ्हाणं घालायला दरवर्षीप्रमाणे तात्या पुढे झाले. आमच्याकडे देवापुढे नुसतं हात जोडून भागत नाही. वाडीतला जाणता माणूस देवाला मोठ्याने सगळं सांगतो: कुणाचं लग्न अडलंय, कुणाची गुरं आजारी आहेत, कुणाचं काय चुकलंय. आणि प्रत्येक मागण्यावर हजर असलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तात्यांचीही त्या साली सख्खी बहीण गेली होती. रागात होते बिचारे. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. "बा गणपती म्हाराजा, मुंबयसून जो कोण हो ताप घेवन इलो, नि ज्येना आमच्या घरातले दिवे इजवल्यान, तेची ह्या गावाची वाट बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. सासूबाई सगळ्यांत मोठ्याने म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, विसर्जनाची वाट न बघता, भावोजी कसालला निघून गेले. काम आहे म्हणाले.

ते पुढच्या चतुर्थीला आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मे महिन्यात जाऊबाई माहेरी यायच्या, आमच्याकडे पाय लावून जायच्या, पण भावोजींचं नाव निघालं की गप्प बसायच्या. पत्रात खुशाली असायची. "आमचो गणपती वाट बगता म्हणान लिव," सासूबाई मला सांगायच्या, आणि मी लिहायची. उत्तरात पुन्हा खुशाली.

इकडे तात्या दर चतुर्थीला तेच वाक्य म्हणत राहिले. गाऱ्हाण्यात एकदा शिरलेलं वाक्य सहसा बाहेर पडत नाही. ताप गेला, लोक विसरले, राग गेला, तात्यांचा आवाजही चढेनासा झाला, तरी वाक्य होतंच. आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. खरं सांगायचं तर गाऱ्हाणं कुणी शब्द न् शब्द ऐकत नाही. तोंड आपोआप उघडतं.

सासूबाईंनी मात्र स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. मुलगा येत नाही, कारण आपण त्याला तापात मांगरात झोपवलं. जेवताना मध्येच हात थांबायचा. कुत्र्यालासुद्धा माणूस पडवीत घेतो, असं काहीतरी पुटपुटायच्या. एका वर्षी पाऊस संपला आणि त्यांनी ह्यांना सांगितलं, मांगर पाडा. हे चिडले. नांगर, जू, गवत कुठे ठेवायचं? पण त्यांनी ऐकलं नाही. मांगर पाडला. तेव्हापासून आमचं गवत मागच्या पडवीत आणि नांगर न्हाणीघराच्या भिंतीला. मी रोज सकाळी त्याला अडखळायची.

पुढच्या मे महिन्यात जाऊबाई आल्या. मी आडाळ्यावर नारळ खवत होते, सासूबाई फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. जाऊबाई परड्यात डोकावून आल्या आणि म्हणाल्या, "मांगर खंय गेलो?"

"पाडलंय," सासूबाई म्हणाल्या. "तेका सांग, मांगर आता नाय. ये म्हणान."

जाऊबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "आये, मांगराचा काय घेवन बसलात? तेंका मांगरातलेच दिवस आठवतत. आये पावसात दारात बसान माका गायीचा सांगी, म्हणान अख्ख्या चाळीक सांगतत. लहानपणापासून आये एवढी माज्याकडे कधी बसाक नाय, म्हणतत."

सासूबाईंच्या हातातली आठळी खाली पडली. "मगे तो येना कित्याक नाय?"

जाऊबाईंनी तात्यांचं ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच ऐकलं, असं मला वाटलं. "तेंका वाटता, बापाशीक आपणच मारलंय," त्या म्हणाल्या. "नि आयेकय तसाच वाटता. आये सगळ्यांत मोठ्यान व्हय म्हाराजा म्हणाली, म्हणतत."

"मी म्हटलंय?" सासूबाई म्हणाल्या. "तात्या काय बोलले ता माका खंय ऐकाक इल्ला? माज्या डोळ्यांफुडे ते होते." ते म्हणजे मामंजी.

एवढी माणसं एका तापातून उठली, आणि दोन माणसं एकमेकांची क्षमा मागायला एवढी वर्षं लांब बसून राहिली. कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं. मला त्या दुपारी दोघांची इतकी दया आली, की खवलेल्या नारळात डोळ्यांतलं पाणी पडू नये म्हणून मी ताट बाजूला सारलं.

सासूबाई उठल्या आणि तशाच तात्यांकडे गेल्या. मी मागोमाग गेले. तात्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "वैनी, ता मी तेका लावन बोलाक नाय हां."

"लावन बोलाक नसशात. पण तेका लागला मा?"

"गाळतंय मी. येत्या चतुर्थीपासून गाळतंय."

"गाळून काय जातला? बोललात ता बोललात. मागे घेवा."

तात्या गोंधळले. त्यांनी तपकिरीची डबी काढली, उघडली नाही, परत ठेवली. "देवाफुडे बोललेला मागे कसा घेवचा, ता माका ठावक नाय वैनी. माज्या बापाशीनसुद्दा कधी घेवक नाय."

सासूबाई परत आल्या आणि जाऊबाईंना एवढंच म्हणाल्या, "तेका सांग, ह्या चतुर्थीक एकदा ये. आयेक तुज्यासमोर देवाकडे बोलाचा आसा. मगे परत कधी नाय इलस तरी चलात."

भावोजी आले. केस पिकले होते, खांदे वाकले होते. ते अंगणाच्या कडेला आले आणि तिथेच थांबले. या वेळी कुणी थांबवलं नव्हतं, पाय आपले आपणच थांबले असणार. सासूबाई खाली उतरल्या, त्यांच्या मनगटाला धरलं आणि त्यांना घरात आणलं. भावोजींनी गणपतीकडे बघितलं, मामंजींच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं, आणि माणसांच्या मागे भिंतीला टेकून उभे राहिले. पळायला सोपं जावं, असं.

आरती झाली. तात्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. लग्नं, गुरं, भातशेती, सगळं झालं. त्या जागेपाशी आल्यावर तात्यांनी वाक्य गाळलं आणि पुढे जायला तोंड उघडलं.

"तात्यानू, थांबा," स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या.

बाई गाऱ्हाण्यात बोलत नाही. आमच्या वाडीत तरी मी कधी ऐकलं नव्हतं. टाळ धरलेल्या पोरांनी वळून बघितलं. सासूबाई माणसांमधून पुढे आल्या, देवापुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांनी हात जोडले.

"बा गणपती म्हाराजा, तापाच्या साली ह्या घरात एक गाऱ्हाणा झाला. तेका मी व्हय म्हटलंय. ता चुकला. माजो झील आजारी पडलो म्हणान घराक इलो. आजारी पोरान घराक येवचा नाय तर खंय जावचा? ताप खंयसून इलो ता तुका ठावक. तेच्या बापाशीक तू न्हेलस, तेना नाय. ह्या वझा तेच्या डोक्यावरसून उतरय, नि कोणाचा काय चुकला असात तर ता माज्या पदरात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पहिला आवाज तात्यांचा होता. मग सगळ्यांचा. पोरं तर नेहमीपेक्षा जोरात ओरडली. मी म्हटलं, आमच्या ह्यांनी म्हटलं, जाऊबाईंनी पदर तोंडाशी धरून म्हटलं.

तात्या पुढे गेले नाहीत. गाऱ्हाणं घालणाऱ्याला कान असावे लागतात. ते समईकडे बघत म्हणाले, "एक आवाज कमी पडता."

कुणी भिंतीकडे वळून बघितलं नाही. समईची वात चरचरली. भावोजींचे ओठ हलले असतील, पण आम्हाला काही ऐकू आलं नाही.

"मोठ्यान बोल, बाबा," सासूबाई देवाकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या. "देवाक ऐकाक जावक होया."

"व्हय म्हाराजा," भावोजी म्हणाले. मग पुन्हा, घर भरेल एवढ्या मोठ्याने. आणि त्या आवाजाने मी दचकले, कारण तो हुबेहूब मामंजींचा होता. सासूबाईंनी वळून बघितलं, आणि देवापुढे, सगळ्या वाडीदेखत, डोक्यावरचा पदर सारखा केला.